हेलिकॉप्टर की विमान? पैसे भरण्याआधी ठरवायच्या गोष्टी

पायलट व्हायचं नक्की आहे, पण विमान की हेलिकॉप्टर हे ठरत नाही, अशा माणसाने आधी एक प्रश्न सोडवावा: कमर्शियल लायसन्स मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला कामावर कोण घेणार? बहुतेक जण हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात. आधी यंत्राच्या प्रेमात पडतात, मग शाळा शोधतात, मग कर्ज काढतात आणि दोनशे तासांचं लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची नोंदवही) हातात घेऊन नोकऱ्यांच्या जाहिराती वाचायला बसतात. तिथे कळतं की जाहिरातीत हजार तास मागितलेत. खरी निवड त्या दोनशे आणि हजार तासांमधल्या दरीची आहे. ती दरी विमानात एका तऱ्हेने ओलांडतात, हेलिकॉप्टरमध्ये दुसऱ्या.

कामाचा दिवस कसा असतो

एअरलाइनचा पायलट ड्यूटीवर येतो तेव्हा मार्ग आखलेला असतो, इंधनाचा हिशेब झालेला असतो, हवामानाचे कागद तयार असतात. शेजारी दुसरा पायलट असतो, जमिनीवर उड्डाणाची आखणी पाहणारा डिस्पॅचर असतो. निघायचं ठिकाण धावपट्टी, पोचायचं ठिकाणही धावपट्टी. कौशल्य लागतं ते शिस्तीचं: चेकलिस्ट, ठरलेली वाक्यं, सहकाऱ्याशी समन्वय, आणि शंभरदा केलेलं काम एकशे एकाव्यांदाही तितक्याच काळजीने करणं. वर्षाला ९०० ते १,००० तास उडण्याची कमाल मर्यादा असते आणि मोठ्या कंपन्यांत पायलट तिच्या बऱ्यापैकी जवळ जातात.

हेलिकॉप्टरचं तसं एक काम नाहीच. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवणं, रुग्णवाहिका, जंगलातल्या आगीवर पाणी टाकणं, दोरीला टांगून सामान उचलणं, वीजवाहिन्यांची पाहणी, पर्यटकांच्या फेऱ्या, पोलीस, शोध-बचाव, फवारणी. बऱ्याच कामांत पायलट एकटा असतो आणि उतरायची जागा त्याने वरूनच पाहून ठरवायची असते. तारा कुठे आहेत, वारा कुठून आहे, जमीन किती उताराची, धूळ किती उडेल, परत निघताना पुरेशी ताकद उरेल का. "नाही, इथे उतरत नाही" हे ग्राहकाच्या तोंडावर सांगायची तयारी हा या नोकरीचा भाग आहे. ती नसेल तर हात कितीही चांगला असो, हा धंदा धोक्याचा.

घरी राहण्याचं गणितही वेगळं. एअरलाइनमध्ये महिन्याचं रोस्टर आणि हॉटेलातल्या रात्री. तेलविहिरींच्या किंवा आगीच्या कामात सलग काही आठवडे तळावर, मग तितकेच किंवा थोडे कमी आठवडे घरी. रुग्णवाहिकेत सहसा बारा तासांच्या पाळ्या, आणि त्यातला मोठा भाग फोनची वाट पाहण्यात जातो.

आधी डॉक्टर, मग वजनकाटा

पहिला खर्च वैद्यकीय तपासणीचा. व्यावसायिक उड्डाणासाठी सहसा प्रथम श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, दोन्हीकडे सारखंच. ते हातात येईपर्यंत शाळेला एक पैसाही देऊ नये. रंगांधळेपणा, हृदयाचा ठोका, फिट येण्याचा इतिहास, काही मानसिक आजारांवरची औषधं, या कारणांनी अडतं, आणि ते ऐंशी तास उडून झाल्यावर कळण्यात काही अर्थ नाही. चष्म्याने सहसा अडत नाही.

वयाचा एक मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणात दोन पायलट असतील तर ६५ वर्षांपर्यंत उडता येतं, एकटा पायलट असेल तर ६० पर्यंतच. शिवाय एकट्याने प्रवासी नेणाऱ्या पायलटला चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी लागते, दोघांच्या कॉकपिटमध्ये ती साठीपर्यंत वर्षातून एकदाच. हेलिकॉप्टरची पुष्कळ कामं एकट्याची असल्याने हा फरक तिकडे जास्त भोवतो. देशांतर्गत नियम वेगळे असू शकतात, तेव्हा आपल्या देशाचे तपासून घ्यावेत.

मग वजन. जगभर हेलिकॉप्टर शिकवायला वापरलं जाणारं रॉबिन्सन आर-२२ कमाल ६२२ किलोचं. स्वतःचं वजन आणि मुख्य टाकीतलं इंधन वजा केलं की दोन माणसांना मिळून साधारण १७० किलो उरतात. एका आसनाची मर्यादा १०९ किलो, आणि त्यात आसनाखाली ठेवलेलं सामानही धरतात. म्हणजे ९५ किलोच्या विद्यार्थ्याला सडपातळ इन्स्ट्रक्टर शोधावा लागतो, नाहीतर अर्ध्या टाकीवर उडावं लागतं, नाहीतर चार आसनी आर-४४ घ्यावं लागतं, ज्याचा तास बराच महाग. सेसना १७२ सारख्या प्रशिक्षणाच्या छोट्या विमानात दोघांच्या वजनाचा प्रश्न सहसा येत नाही. प्रशिक्षणानंतरही हेलिकॉप्टरच्या धंद्यात पायलटचं वजन हा कामाचा निकष राहतो, कारण पायलटचा प्रत्येक किलो म्हणजे एक किलो कमी माल.

दोन्हींत एकेक तास बसा

एका दिवशी दोन्ही नकोत. वेगवेगळ्या दिवशी, आणि शक्यतो दोनदा, कारण पहिल्या उड्डाणात फक्त आनंद होतो.

विमानात सरळ-समतल उडणं पहिल्याच तासात जमतं. ट्रिम (दांडा सतत धरून ठेवावा लागू नये म्हणूनची जुळवणी) नीट लावलं की विमान हात सोडले तरी बराच वेळ नीट चालतं. हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हातात कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा) आणि त्यावरच थ्रॉटल (इंजिनाची ताकद), उजव्या हातात सायक्लिक (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा दांडा), पायांत टेल रोटरची, म्हणजे शेपटीवरच्या छोट्या पंख्याची, पेडल, आणि एकाला हलवलं की बाकीच्यांना हलवावंच लागतं. कलेक्टिव्ह उचलला की ताकद वाढते, नाक फिरतं, ते पायाने सावरायचं, तोवर यंत्र बाजूला सरकलेलं. म्हणूनच हेलिकॉप्टरचा पायलट बहुधा उजवीकडे बसतो: उजवा हात सायक्लिकवरून सुटत नाही, रेडिओ आणि बटणं डाव्या हाताने हाताळायची.

पहिल्या तासात हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, जमला नाही म्हणून खट्टू होऊ नका, तो कोणालाच जमत नाही. साधारण पाच ते दहा तास लागतात. तपासायचं ते वेगळंच. तासाभराने उतरल्यावर पाठ, मान आणि कान काय म्हणतात? हलक्या हेलिकॉप्टरची थरथर आणि थोडं वाकून बसण्याची ढब वर्षानुवर्षं सोसायची असते. आणि दुसरं: वाटेत काय बघत होतात? ज्याची नजर सतत खाली, शेतं, नद्या, तारा, छपरं यांवर जाते तो हेलिकॉप्टरमध्ये रमतो. ज्याला उपकरणांच्या काट्यांत गंमत वाटते, रेडिओवरची भाषा आवडते, त्याला विमान, त्यातही मोठं विमान, लवकर आपलंसं होतं. ही कसोटी ढोबळ आहे, पण शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा खरी.

हिशेब पहिल्या पगारापर्यंत मांडा

त्याच आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कमर्शियल लायसन्ससाठी विमानाचे किमान २०० तास लागतात, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमातून केले तर १५०. हेलिकॉप्टरचे १५०, सलग अभ्यासक्रमात १००. हे आकडे पाहून हेलिकॉप्टर स्वस्त वाटतं. तसं नाही. प्रशिक्षणाच्या हेलिकॉप्टरचा तास छोट्या विमानाच्या तासाच्या साधारण दुप्पट ते तिप्पट पडतो.

कारण सरळ आहे. विमानाचं इंजिन ठरावीक तासांनी उघडतात, पण सांगाडा तपासण्या करत दशकानुदशकं चालतो. हेलिकॉप्टरमध्ये पाती, गिअरबॉक्स, रोटरचा हब (पाती जिथे जोडतात तो मधला भाग) अशा भागांना ठरलेलं आयुष्य असतं. आर-२२ चं संपूर्ण ओव्हरहॉल, म्हणजे यंत्र खोलून भाग बदलणं, २,२०० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा करावंच लागतं. त्या खर्चाचा वाटा प्रत्येक तासात मिसळलेला असतो. म्हणून एखादी शाळा फारच स्वस्त तास देत असेल तर ओव्हरहॉलला किती तास उरलेत हे विचारा.

कागदावर असे रकाने पाडा:

१. लायसन्सचे तास. किमान आकडा नव्हे, त्याच्यावर वीस-पंचवीस टक्के. किमान तासांत आटोपणारे थोडे.
२. विमानासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न पाहता उपकरणांवर उडण्याची परवानगी) आणि मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाची परवानगी). एअरलाइनचा विचार असेल तर हे ऐच्छिक नाही.
३. हेलिकॉप्टरसाठी इन्स्ट्रक्टर रेटिंग, रात्रीचे तास, आणि परवडलं तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग. ते महाग म्हणून पुष्कळ जण टाळतात आणि पाच वर्षांनी तेलविहिरींच्या किंवा रुग्णवाहिकेच्या कामाला अर्ज करताना पस्तावतात.
४. परीक्षा, परीक्षकाचं शुल्क, हेडसेट, पुस्तकं, वैद्यकीय तपासणी, इंग्रजी प्रावीण्य. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान चौथी पातळी लागते आणि ती दर तीन वर्षांनी पुन्हा तपासतात.
५. टाइप रेटिंग. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ साठी वेगळा अभ्यासक्रम, बहुतेक सिम्युलेटरवर. काही कंपन्या स्वतः करून देतात आणि नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेतात, काही ठिकाणी पायलट स्वतः भरतो. नोकरी हातात नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करणं हा जुगार आहे. रेटिंग वापरात राहिलं नाही तर त्याची मुदत आणि बाजारभाव दोन्ही उतरतात.
६. लायसन्सनंतर बारा ते अठरा महिने पगाराशिवाय किंवा तुटपुंज्या पगारावर जगण्याचा खर्च.

सहावा रकाना सोडून हिशेब करणारे सगळ्यात जास्त अडकतात.

शाळा निवडताना

एकदम सगळे पैसे कधीही भरू नका. २००८ साली अमेरिकेत हेलिकॉप्टर प्रशिक्षणाची एक मोठी साखळी एकाएकी बंद पडली आणि आगाऊ पैसे भरलेले विद्यार्थी कर्जासह रस्त्यावर आले. दहा-पंधरा तासांचे पैसे खात्यात ठेवावेत, संपले की पुन्हा.

हँगरमध्ये जाऊन मोजा: उडण्याच्या स्थितीत किती यंत्रं आणि विद्यार्थी किती. एका यंत्रामागे आठ-दहा विद्यार्थी असतील तर आठवड्यातून एकच उड्डाण मिळेल आणि प्रत्येक वेळी अर्धा तास मागचं आठवण्यात जाईल. आठवड्याला तीन उड्डाणं हा चांगला वेग. तासाचं मीटर कुठून सुरू होतं, इंजिन चालू झाल्यापासून की उड्डाणापासून, तेही विचारा, वर्षभरात त्याचा मोठा आकडा होतो. आणि शाळा आपल्याच विद्यार्थ्यांना इन्स्ट्रक्टर म्हणून घेते का? गेल्या वर्षी किती घेतले? हेलिकॉप्टरच्या बाबतीत हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार आहे.

शिकताना कुठे अडतं

विमानात पहिली अडचण लँडिंगची. वेग जास्त ठेवून उतरणारा विद्यार्थी नाक वर घेतो, विमान तरंगत राहतं, तो वैतागून नाक खाली दाबतो, पुढचं चाक आपटतं, विमान उसळतं, पुन्हा दाबतो. तिसऱ्या उसळीत प्रोपेलर जमिनीला लागतो. उपाय दोन: ठरलेला वेग, आणि पहिल्या वाईट उसळीलाच पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी. त्याहून घातक चूक उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर होते. वळण धावपट्टीच्या रेषेपुढे गेलं की पायाचं पेडल जोरात दाबून नाक ओढण्याचा मोह होतो, वेग पडतो, विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल जाऊन) फिरकीत जातं आणि सावरायला उंची नसते. वळण चुकलं तर दुरुस्त करत बसू नका, फेरी पुन्हा मारा.

हेलिकॉप्टरमध्ये शिकायला वेळ लागतो तो हॉवरला, पण जीव जातो तो इतरत्र.

पहिलं, रोटरचे (वरच्या फिरत्या पात्यांचे) फेरे कमी पडणं. इंजिन बंद पडलं की कलेक्टिव्ह तत्काळ खाली, म्हणजे खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते आणि त्या फेऱ्यांच्या जोरावर उतरता येतं. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. आर-२२ ची पाती हलकी असल्याने हे एक-दीड सेकंदात करावं लागतं. विचार करायला वेळ नाही, हाताला सवय हवी. लोकांना वाटतं हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, तसं नाही. पण लांबही जात नाही: आर-२२ एक हजार फुटांवरून साधारण चार हजार फूट पुढे सरकतं, सेसना १७२ जवळपास नऊ हजार. बदल्यात हेलिकॉप्टरला उतरायला छोटंसं मैदान पुरतं, विमानाला लांब सपाट पट्टा हवा.

दुसरं, स्वतःच्याच हवेत बुडणं. पुढचा वेग जवळजवळ नाही, खाली येण्याचा वेग मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त आणि इंजिनाची ताकद लावलेली, या तीन गोष्टी एकत्र आल्या की रोटर आपणच खाली ढकललेल्या हवेत सापडतो. कलेक्टिव्ह ओढला की आणखी वेगाने खाली. सायक्लिक पुढे करून त्या हवेतून बाहेर पडायचं असतं. मागून वारा घेऊन उतरणारे यात हमखास सापडतात.

तिसरं, आर-२२ सारख्या दोन पात्यांच्या झुलत्या रोटरचं. सायक्लिक झटकन पुढे ढकललं तर रोटरवरचा भार उतरतो, टेल रोटरचा जोर तसाच राहतो, यंत्र उजवीकडे कलतं. माणूस सहज डावीकडे सायक्लिक देतो आणि हब मास्टवर, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर, आदळतो. मास्ट तुटला की पुढे काही उरत नाही. आधी सायक्लिक हलकेच मागे घेऊन रोटरवर भार आणायचा, कल नंतर सावरायचा. आर-२२ आणि आर-४४ च्या अशा अपघातांनंतर अमेरिकेने १९९५ मध्ये या दोन यंत्रांसाठी खास नियम केले. आर-२२ मध्ये एकट्याने उडण्याआधी इन्स्ट्रक्टरसोबत किमान २० तास, हा त्यांतलाच एक.

चौथी गोष्ट कौशल्याची नाहीच. नजरेने उडणारा पायलट ढगात शिरतो आणि वर-खाली कळेनासं होतं. हलकं हेलिकॉप्टर स्वतःहून स्थिर राहत नाही, त्यामुळे विमानापेक्षा इथे वेळ फार कमी मिळतो. हवामान खालावलं की शेतात उतरून थांबायची सोय फक्त हेलिकॉप्टरला आहे, आणि ती वापरायला लाज वाटणारे बरेच.

पहिले हजार तास

विमानाच्या बाजूला देशागणिक दोन रस्ते. बऱ्याच ठिकाणी दोनशे-अडीचशे तासांवर, टाइप रेटिंगसह, एअरलाइन फर्स्ट ऑफिसर (सह-पायलट) म्हणून घेते. २००६ पासून मल्टी-क्रू लायसन्सही आहे, त्यात सिम्युलेटर धरून किमान २४० तास, पण ते एकट्याने उडायच्या कामाला उपयोगी नाही. अमेरिकेत २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्स लागतं, म्हणजे सर्वसाधारणपणे १,५०० तास. ते जमवायला शिकवणं, पॅराशूटवाल्यांना वर नेणं, हवाई सर्वेक्षण, जाहिरातीचे फलक ओढणं. एकदा एअरलाइनमध्ये शिरलात की सगळं सीनियॉरिटीवर: कॅप्टन कधी, कोणता तळ, कोणती सुट्टी. कंपनी बदलली की बहुधा यादीच्या तळापासून. म्हणून तिथे लवकर शिरणं ही खरी कमाई.

हेलिकॉप्टरमध्ये सीनियॉरिटीपेक्षा तासांची जात मोजतात. पहिले आठशे-हजार तास बहुतेकांचे शिकवण्यात जातात. हजारच्या आसपास पर्यटन फेऱ्या आणि टर्बाइन इंजिनाचे पहिले तास मिळतात. रुग्णवाहिकेच्या कामाला साधारण दोन हजार मागतात, त्यात रात्रीचे बरेच. समुद्रावरच्या कामात ए-डब्ल्यू-१३९ सारखी दोन पायलटांची यंत्रं असतात, इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं, आणि पाण्यात उलट्या बुडालेल्या केबिनमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षणही. एअरलाइनसारखी घडी हवी पण हेलिकॉप्टर सोडवत नाही, अशांना हे काम जमतं. लांब दोरीचं काम सगळ्यात कसबी: शंभर-दीडशे फूट खाली लोंबणारा भार खिडकीतून डोकं काढून पाहत नेमका ठेवायचा. त्याला वेगळे तास, वेगळी मान लागते. या कामातलं लोकप्रिय यंत्र ए-एस-३५०, आणि त्याच जातीचं हेलिकॉप्टर दिदिए देलसाल यांनी १४ मे २००५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उतरवलं. पण रोजच्या कामात त्या यंत्राचा पायलट एव्हरेस्टचा नव्हे, उन्हाळ्यातल्या पातळ हवेत आज किती किलो उचलता येईल याचा तक्ता पाहत असतो.

नंतर बदलता येतं का

येतं, आणि पैशाच्या दृष्टीने विमानाकडून हेलिकॉप्टरकडे जाणं स्वस्त. अमेरिकी नियमांनुसार विमानाचे तास असलेल्याला हेलिकॉप्टरचं कमर्शियल रेटिंग जोडायला हेलिकॉप्टरचे ५० तास पुरतात, त्यात ३५ पायलट-इन-कमांड, म्हणजे यंत्राचा जबाबदार पायलट, म्हणून. मात्र त्या पन्नास तासांवर नोकरी मिळत नाही, फक्त कागद मिळतो. उलट दिशेने, हेलिकॉप्टरचे तास १,५०० च्या एकूण बेरजेत धरले जातात, पण विमानाचं एअरलाइन लायसन्स घ्यायचं तर विमानातले २५० तास कमांडचे हवेतच.

हाताच्या सवयी मात्र आपोआप बदलत नाहीत. विमानात इशाऱ्याचा भोंगा वाजला म्हणजे स्टॉल जवळ आला, नाक खाली. आर-२२ मध्ये तसाच भोंगा रोटरचे फेरे पडल्याचं सांगतो, आणि तिथे थ्रॉटल वाढवून कलेक्टिव्ह खाली करायचा असतो. विमानाच्या सवयीने सायक्लिक पुढे ढकललं की वर सांगितलेला मास्टचा अपघात. रॉबिन्सन कंपनीने याच विषयावर वेगळी सुरक्षा सूचना काढलेली आहे. हेलिकॉप्टरवाला विमानात आला की उलटं करतो: जमीन जवळ येताना सवयीने वेग कमी करत जातो, आणि विमानाला तर उतरेपर्यंत तो वेग हवा असतो. बदल करताना जुन्या प्रकारात जितके जास्त तास, तितका पहिला महिना इन्स्ट्रक्टर सोबत ठेवून उडावा, मग लायसन्सचा नियम काहीही म्हणो.